जावयाला वेळेत किनाऱ्यावर आणण्याची योजना

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मराठीत, कारण ऑफिसात कोणाला वाचता येणार नाही आणि घरात कोणी वाचणार नाही.

संकल्प तीन. रोज साडेपाचला उठणे. मूर्ख माणसांवर न चिडणे. गुरुप्रसादला बाळाच्या आधी घरी आणणे. तिसरा सगळ्यांत सोपा.

परिस्थिती अशी. जया, माझी धाकटी बहीण, तिचं पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी तारीख दिली आहे २० डिसेंबर. तिचा नवरा गुरुप्रसाद भर समुद्रात गॅसच्या प्लॅटफॉर्मवर मेंटेनन्स इंजिनिअर. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. त्याला तिथून कोणत्या बोटीने कधी उतरवायचं, हे आमच्या ऑफिसचा प्लॅनिंग विभाग ठरवतो. आणि प्लॅनिंग विभागात डॉक्टरेट असलेला माणूस एकच आहे. नाव लिहायची गरज नाही.

गुरुप्रसाद पंधरा तारखेच्या सोमवारी बोटीत बसेल, सोळाला घरी. बाळ वीसला. मध्ये चार दिवस. ऐसपैस.

जयाला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, दादा, नक्की ना? म्हटलं, पंच्याण्णव टक्के. तर म्हणे, उरलेले पाच कोण बघणार? हा प्रश्न शास्त्रीय नाही. तसं तिला समजावलं, बावीस मिनिटं. नंतर ती म्हणाली, पाय सुजलेत, ठेवते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सात चाळीसला उठलो. पहिला दिवस ट्रायल म्हणून सोडून द्यावा.

घरून, म्हणजे सेंगकांगहून, जुरोंग ईस्टच्या ऑफिसला मेट्रोने एक तास दहा मिनिटं. शेजारचा माणूस कानात काही न घालता मोबाइलवर मासे तळण्याचे व्हिडिओ बघत होता. किळस आली. चिडलो नाही, फक्त त्याच्याकडे सहा स्टेशनं बघत राहिलो.

ऑफिसात मॅडम कोह. वय साठच्या पुढे, तीस वर्षं त्याच खुर्चीत. कॉम्प्युटर समोर असतो, पण काम चालतं मागच्या व्हाइटबोर्डावर. त्यावर डिसेंबरचे रकाने आणि रकान्यांत रंगीत मॅग्नेट. आमच्याकडे दोन बोटी. पहिली दर रविवारी संध्याकाळी निघते, सोमवारी दुपारी प्लॅटफॉर्मला पोचते, नवी माणसं चढवते, जुनी उतरवून मंगळवारी सकाळी परत येते. दुसरी बोट सामानसुमानाची. तिच्या ओळीत मॅडमने डिसेंबरभर दर मंगळवार, बुधवार, गुरुवारी कोरे पांढरे मॅग्नेट लावून ठेवलेत. नाव नाही, काम नाही. बोट धक्क्याला नुसती बांधलेली.

विचारलं, हे काय आहे. म्हणाली, डिसेंबर मा. म्हटलं, डिसेंबर हा महिना झाला, कारण नव्हे. म्हणाली, सेम सेम लाह. इथल्या इंग्रजीला मा, लाह अशी शेपटं असतात.

लहान मुलांच्या फ्रीजवर असतात तसले मॅग्नेट. आणि यांच्यावर त्रेचाळीस माणसांचं येणंजाणं. शरम वाटली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा मोठा हॉल. एका हातात ट्रे, त्यात गरम सूप. समोर रिकामी टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर टिशूचं पाकीट. इथला रिवाज. पाकीट टाकलं की जागा तुमची, मग तुम्ही खुशाल रांगेत पंधराव्या नंबरावर उभे राहा. याला चोप करणं म्हणतात. सुशिक्षित माणसं हे करतात. मी उभ्या उभ्या मोजलं : बावीस टेबलांपैकी नऊ टेबलांवर माणसं नव्हती, टिशू जेवत होते.

शेवटी एक पाकीट बाजूला सारून बसलो. दोन घास झाले तोच एक बाई आली आणि नुसती उभी राहिली. मी उठलो. स्वतःहून उठलो.

उभ्याने सूप पिताना मात्र लख्ख प्रकाश पडला. मॅडम कोहचे ते कोरे मॅग्नेट म्हणजे बोटीवर टाकलेली टिशूची पाकिटंच. गरज लागेल म्हणून अडवून ठेवलेली जागा. सगळी कंपनी ट्रे घेऊन उभी आहे आणि हिची बोट रिकामी.

शर्टावर सूप सांडलं. हरकत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

प्रेझेंटेशन झालं. अठरा स्लाइड. बॉस श्रीनिवास पहिल्या सहा स्लाइडपर्यंत फोनकडे बघत होता, सातवीवर वर बघितलं. सातवी स्लाइड : दुसरी बोट महिन्यातले एकोणचाळीस टक्के दिवस धक्क्याला बांधून असते. आणि तिकडे दक्षिणेच्या फील्डवाले पाइप पोचवायला बोट मागताहेत. मी सुचवलं की कोरे मॅग्नेट काढा, दुसरी बोट १३ ते २१ डिसेंबर दक्षिणेला द्या. श्रीनिवास म्हणाला, व्हाय नॉट. माझ्या मॉडेलवर, म्हणजे आकडेमोड करून बोटी ठरवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमवर, डिसेंबर चालवायचा, प्रयोग म्हणजे पायलट म्हणून.

मॅडम कोहने एकच प्रश्न विचारला. पहिली बोट गेली आणि लाटा मोठ्या निघाल्या, तर मग कुठली बोट? मी चौदावी स्लाइड लावली. असं होण्याची शक्यता पाच टक्के. तिने स्लाइड बघितली, मला बघितलं, आणि विचारलं, डॉक्टर पॅड, जेवलात का? माझं नाव पद्मनाभ आहे. सहा वर्षं झाली.

दुपारी तिने पांढरे मॅग्नेट एकेक करून काढले आणि मायलो पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले. प्रत्येकाचा आवाज झाला. मुद्दाम.

३ डिसेंबर, बुधवार

जया माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि या बेटावर तिचं माहेर म्हणजे सेंगकांगला आमचा फ्लॅट. तिचा स्वतःचा काँडो जुरोंग ईस्टला, तिचं हॉस्पिटल काँडोपासून दहा मिनिटांवर. वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मत मांडलं की त्यापेक्षा आपण सगळे महिनाभर तिच्याकडे राहू. म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत. शिवाय इथून हॉस्पिटलपर्यंत टॅक्सीला सरासरी चौतीस मिनिटं लागतात. वसुधा म्हणाली, कुठल्या वेळची सरासरी? बायकांना सरासरी कळत नाही, कारण त्यांना नेहमी एकच विशिष्ट दिवस दिसत असतो.

फ्रीजवर तक्ता लावला. कोण कधी घरी, कोण कधी बाहेर, बाथरूम कोणाला किती वाजता. जयाला २० तारखेपर्यंत रोज सकाळी सात ते सात वीस. ती म्हणाली, दादा, मला दर अर्ध्या तासाने जावं लागतं. हे आधी सांगायला हवं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मॅडम कोह खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आली. आवाज खाली. म्हणाली, आठ तारखेच्या बोटीत परतीला एक सीट आहे, बदली माणूसही तयार बसलाय, तुझ्या मेहुण्याला आठलाच आण. बायकोचं पहिलं बाळ आहे, ऑलरेडी डिसेंबर लाह, वेट फॉर व्हॉट.

मी दोन मुद्द्यांवर नाही म्हटलं. एक, आठला आणला तर गुरुप्रसाद अकरा दिवस घरी नुसता बसून राहणार. अकरा दिवस. म्हणजे मी जे बोटीचं केलं त्याच्या बरोबर उलट. दोन, माझ्या घरच्या माणसासाठी मी नियम वाकवणार नाही. मॉडेल सगळ्यांना सारखं. हे दुसरं वाक्य मी जरा मोठ्याने म्हटलं, श्रीनिवासची केबिन उघडी होती.

मॅडम बराच वेळ माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मग खुर्ची सरकवत परत गेली.

घरी सांगितलं नाही. जयाला उगाच पर्याय दिसले की तिला झोप लागणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार

काल आई चिपळूणहून आली. बॅगेत डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, दोन किलो तूप आणि एक पंचांग. पंचांग आल्या आल्या फ्रीजवर टांगलं. नेमकं माझ्या तक्त्यावर. त्याखाली काय आहे हे आता फक्त मला माहीत आहे.

जेवताना आईने बाबांची गोष्ट काढली. बाबा मर्चंट नेव्हीत होते. जया झाली तेव्हा ते कुठल्याशा बंदरात. त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं ती सात महिन्यांची झाल्यावर. घरात शिरले आणि आईला म्हणाले, ही कोणाची गं? आई ही गोष्ट नेहमी हसत सांगते. मीही हसतो. जया हसली नाही. नंतर खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालताना रडताना दिसली. मी विचारलं तर म्हणाली, दादा, मला दुसरं काही नको. डोहाळजेवण झालं नाही, चाललं. ओटी कोणी भरली नाही, चाललं. फक्त बाळाला पहिल्यांदा घेताना तो तिथे असू दे. आईसारखं मला गोष्ट करून सांगायचं नाहीये.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. बाबा आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, दारात मीच उभा होतो, त्यांनी आधी मला ओळखलं आणि मला त्याचा आनंद झाला होता. पण तो काळ वेगळा. तेव्हा मॉडेल नव्हतं.

९ डिसेंबर, मंगळवार

बोट वेळेवर गेली, वेळेवर आली. एक सीट रिकामी आली. समुद्र तळ्यासारखा होता. मॅडम कोहला म्हटलं, बघा, डिसेंबर. ती म्हणाली, आज नऊ तारीख आहे.

दुसऱ्या बोटीचा वापर एकसष्टवरून चौऱ्याण्णव टक्के. श्रीनिवासने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडमनेही वाजवल्या, दोन.

साडेपाचला उठणं सध्या थांबवलं आहे. झोप झालेली असली की निर्णय चांगले होतात.

११ डिसेंबर, गुरुवार

जयाबरोबर हॉस्पिटलला गेलो. डॉक्टर तरुण बाई. म्हणाली, आता कधीही. मी म्हटलं, कधीही म्हणजे काय, तुमच्याकडे हजारो बाळंतपणांचा डेटा असणार, सतराच्या आधी होण्याची शक्यता किती टक्के? तिने जयाला विचारलं, हे कोण? जया म्हणाली, माझे भाऊ आहेत, काळजी करतात. डॉक्टरने मला बाहेर बसायला सांगितलं. हा व्यवसाय अजून कोणत्या शतकात आहे बघा.

येताना टॅक्सीला एक तास पाच मिनिटं. हा आकडा असाधारण म्हणून सरासरीतून वगळला.

१३ डिसेंबर, शनिवार

दुसरी बोट पाइप घेऊन दक्षिणेला निघाली. फोटो आला. छान दिसत होती, पूर्ण भरलेली.

सोमवारचा अंदाज : लाटा १.९ मीटर. दोन मीटरच्या वर माणसांची चढउतार करत नाहीत. म्हणजे दहा सेंटिमीटर शिल्लक. आईला दाखवलं हाताने, एवढे. आई म्हणाली, अर्धी वीत पण नाही रे. म्हटलं, आई, आकड्याला हाताने मोजू नये. तूच दाखवलंस, म्हणाली.

१५ डिसेंबर, सोमवार, दुपारी १.२०

बोट प्लॅटफॉर्मपाशी. लाटा २.४. थांबली आहे. काळजी नाही, थांबणं मॉडेलमध्ये धरलेलं आहे.

दुपारी ४.००

२.६. कॅप्टन म्हणतो उद्या बघू. जयाला मेसेज केला, किरकोळ उशीर. तिने अंगठा पाठवला.

१६ डिसेंबर, मंगळवार

२.८. कॅप्टन नावाच्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. बोटीत बदलीवर जाणारी चौदा माणसं दोन दिवस ओकत आहेत, पिण्याचं पाणीही कमी झालंय म्हणे. दुपारी त्याने बोट वळवली. मला न विचारता.

मॅडम कोह शेजारी येऊन उभी राहिली. तिने जे सांगितलं ते आधी का सांगितलं नाही, हा माझा तिच्यावर मुख्य आक्षेप आहे. डिसेंबरात पहिली बोट अडकली की त्याच मंगळवारी ती दुसरी बोट मागून पाठवायची. एक दमून परत येत असताना दुसरी तिथे जाऊन उभी. कारण या समुद्राचं असं आहे की तो दोन दिवस खवळतो आणि मग पाच-सहा तास डोळा लागल्यासारखा शांत होतो, आणि कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. त्या पाच तासांत जो तिथे असेल त्याला माणसं उतरवता येतात. ते पांढरे मॅग्नेट त्याच्यासाठी होते.

मी म्हटलं, मग त्यांच्यावर तसं लिहायचं. म्हणाली, तीस वर्षांत कोणी विचारलं नाही. तू विचारलंस, मी म्हटलं डिसेंबर.

दक्षिणेला फोन केला. आमची बोट तिथे निम्मे पाइप उतरवून उभी. परत यायला दोन दिवस.

संध्याकाळी जयाला सांगितलं, बोट परत येतेय, गुरुप्रसाद त्यात नाही. आणि दुसरी बोट मी दक्षिणेला दिली हेही सांगितलं, कारण तिने थेट विचारलं. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. वसुधा बोलली. ते लिहीत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार, सकाळी ८.४०

ऑफिस. जयाने फोटो फॉरवर्ड केला. गुरुप्रसादने प्लॅटफॉर्मवरून काढलेला. समुद्र सपाट. इस्त्री केल्यासारखा. क्षितिजापर्यंत एकही बोट नाही. खाली जयाने काही लिहिलेलं नाही.

लाटा ०.७. सकाळी सहापासून.

माझी चूक नाही. पंच्याण्णव टक्के म्हणजे शंभर नव्हे, हे मी पहिल्याच दिवशी बावीस मिनिटं समजावलं होतं.

सकाळी ११.५०

आईचा फोन. जयाला कळा सुरू झाल्या. आई आणि ती टॅक्सीत बसतायत. तक्त्याप्रमाणे आज वसुधाची घरी राहायची पाळी नव्हती, कारण सतरा तारखेची शक्यता कमी होती.

दुपारी १२.३०

हॉस्पिटलला पहिला मी पोचलो. हॉस्पिटल ऑफिसपासून किती सोयीचं आहे हे आजपर्यंत कोणी लक्षात घेतलं नव्हतं.

दुपारी १.५५

अजून आल्या नाहीत. एक्स्प्रेसवेवर पाऊस. रिसेप्शनवरची मुलगी तिसऱ्यांदा विचारून गेली, पेशंट कुठे आहे. म्हटलं, येतेय. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझी नाडी बघितली.

संध्याकाळी ६.३०

मुलगी झाली. चार बावन्नला. दोन किलो नऊशे. दोघी ठीक.

आत एकाच माणसाला सोडतात. नवऱ्याची जागा. आई गेली. आईला इंग्रजी येत नाही, नर्सला मराठी येत नाही, पण दोघींचं जमलं असं दिसतंय. गुरुप्रसादला व्हिडिओ कॉल लावला होता, तो नेमका दोन मिनिटं आधी तुटला. मी बाहेर जयाची बॅग धरून उभा होतो. सगळा वेळ खाली ठेवली नाही.

नंतर आत सोडलं. जया दमलेली, बाळ तिच्या छातीशी. तिने मला एवढंच विचारलं की तो फोटोतला समुद्र आज सकाळचाच ना. म्हटलं, हो. मग तिने बाळाकडे तोंड केलं. मला सांगायचं होतं की पाच टक्के हाही मॉडेलचाच भाग असतो. सांगितलं नाही. तिची बॅग पलंगाशी ठेवली.

२० डिसेंबर, शनिवार

योजनेप्रमाणे बाळ आज झालं असतं. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.

पहिली बोट गुरुवारी पुन्हा गेली, पुन्हा लाटा, पुन्हा बाहेर उभी. श्रीनिवासने बोलावलं होतं. तो म्हणाला, पायलटमधून आपण पुष्कळ शिकलो. ‘आपण’ असं म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता.

घरात डिंकाच्या लाडवांचा वास. मला एकही दिलेला नाही. बाळंतिणीचे असतात, मान्य. पण वसुधा खाताना दिसली.

२२ डिसेंबर, सोमवार

बाळाचा सहावा दिवस. आज सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणे, पुढे काय काय होणार ते. त्यासाठी पाटाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. आईने माझ्याकडे कागद मागितला. मी प्रिंटरजवळचा दिला. आईने उलटून पाहिला, मागे डिसेंबरचं माझं वेळापत्रक छापलेलं. परत दिला. म्हणाली, कोरा दे. म्हटलं, ही बाजू कोरीच आहे. म्हणाली, दोन्हीकडून कोरा दे, तिला तरी नीट लिहू दे.

वसुधा खाली दुकानात जाऊन नवी वही घेऊन आली.

दुपारी दोन दहाला गुरुप्रसाद बोटीत उतरला. आज कुठलीही अडचण आली नाही. लाटा १.१. अंदाज मात्र २.३ होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अकराला आला. दाढी वाढलेली. आईने दारात ओवाळलं. त्याने हातपाय धुतले, शर्ट बदलला, पुन्हा हात धुतले, आणि बाळाला घेतलं. तो रडला. जया त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण पूर्ण नव्हता, हे मलासुद्धा दिसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसला.

नंतर तो माझ्याजवळ आला. म्हणाला, दादा, थँक यू, तुम्ही खूप धावपळ केलीत, जया म्हणाली समुद्रच असा होता.

जयाने त्याला हे सांगितलंय. मला वाचवायला.

हे बरोबर नाही. त्याला खरं सांगायचं ठरवलं. उद्या सकाळी साडेआठ, चहानंतर, पंधरा मिनिटं. मुद्दे सहा काढलेत. पहिला पार्श्वभूमी. आठ तारखेच्या सीटची गोष्ट पाचवा. सहावा माफी. वेळ उरला तर.

२४ डिसेंबर, बुधवार

साडेआठला बाळाची अंघोळ. सव्वानऊला गुरुप्रसादची अंघोळ. दहा वीसला तो हॉलमध्ये सापडला. मी पार्श्वभूमीपासून सुरुवात केली. तो नम्र मुलगा आहे, दुसऱ्या मुद्द्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, दादा, मला माहीत आहे.

प्लॅटफॉर्मवर एक स्क्रीन असतो, कुठली बोट कुठे आहे ते त्यावर दिसतं. जेवणाच्या वेळी सगळे तिथेच बसतात. तेरा तारखेला दुसरी बोट दक्षिणेला वळली ती त्रेचाळीस जणांनी जेवता जेवता बघितली. सतराच्या सकाळी समुद्र सपाट असताना तेच सगळे कठड्याशी येऊन उभे राहिले होते. कोणीतरी त्याला चहा आणून दिला.

आणि आठ तारखेची सीट? मॅडम कोहने चार तारखेलाच त्याला फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, दादांना विचारा. मग चार दिवस तो माझ्या फोनची वाट बघत होता. हे त्याने जयाला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. पण बेडरूमचं दार उघडं होतं, आणि आतला पाळणा हलायचा थांबला.

मी मुद्दे सोडून थेट सहाव्यावर आलो. म्हटलं, गुरुप्रसाद, माझं चुकलं. तो म्हणाला, असू द्या हो. मग बॅगेतून एक कागद काढला आणि म्हणाला, फक्त यावर तुमची सही लागेल, वाईट वाटून घेऊ नका.

ऑफिसचा फॉर्म. माझं येणंजाणं यापुढे मॉडेलवर नको, मॅडम कोहच्या बोर्डावर टाका, अशी विनंती. बाकी बेचाळीस जणांचे फॉर्म कालच त्याच बोटीने ऑफिसला गेलेत. हा शेवटचा. त्याने घरचा म्हणून वेगळा ठेवला होता.

मी म्हटलं, वाईट कशाला वाटेल. सगळं भरलेलं होतं, फक्त कारणाचा रकाना रिकामा. गुरुप्रसाद म्हणाला, दादा, ते तुम्हीच लिहा, योग्य वाटेल ते. मी थोडा विचार केला. खरं लिहायला माझी हरकत नव्हती, पण ऑफिसच्या भाषेत बसायला हवं. लिहिलं : वेदर.

तेवढ्यात जया बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. टेबलाशी येऊन फॉर्म वाचला आणि माझ्यापुढे हात केला. मला वाटलं बाळाला माझ्याकडे देतेय. सात दिवसांत मी तिला एकदाही घेतलेलं नाही. मी पेन खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले.

तिने पेन उचललं. वेदर खोडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत, सावकाश, लिहिलं : ब्रदर-इन-लॉ. आणि बाळाला पाजायला आत गेली.

खाली प्लॅनरची सही लागते. केली. तारीख घातली.